मिरजेचा दर्गा, वाडीचा दत्त आणि दवाखान्यामागचं आमचं लॉज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून आई-बाबांना घेऊन नृसिंहवाडीला येताय, हाताशी दीड दिवस जास्तीचा आहे आणि मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा बघायचा आहे. हिंदू घरातल्या माणसांनी गेलं तर चालेल का? आणि मिरज-सांगलीच्या सलोख्याबद्दल जे वाचायला मिळतं ते खरं, की नुसतं पाहुण्यांना सांगण्यापुरतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चालतं. इथं कुणाला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून तुम्ही तो कुणाला विचारलात तर समोरचा जरा गोंधळेल.

दुसऱ्याचं उत्तर लांबेल. मी काही गाइड नाही. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमचं नऊ खोल्यांचं लॉज आहे. वडिलांनी आधी खाणावळ काढली होती, पुढं वरचा मजला चढवला. आमच्याकडं उतरणारा माणूस देवाला आलेला नसतो, पेशंटबरोबर आलेला असतो. लॉजच्या रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा एक रकाना असतो. आमच्या रजिस्टरात तो वरपासून खालपर्यंत एकाच शब्दानं भरलेला दिसेल: दवाखाना, दवाखाना, दवाखाना. मधेच एखादा 'सतार दुरुस्ती', उरुसाच्या दिवसांत चार-पाच 'दर्गा', आणि आषाढीच्या आधी गाडी चुकलेले एक-दोन वारकरी.

माझं म्हणणं याच रकान्यापासून सुरू होतं. मिरज हे हौसेनं फिरायला यायचं गाव नाही, गरजेनं यायचं गाव आहे. रेल्वेचं जंक्शन आहे, एक फाटा पुण्याला, एक कोल्हापूरला, एक बेळगावकडं आणि एक पंढरपूर-कुर्डुवाडीकडं. 2016 च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे गेली तीही इथूनच भरून. दवाखाने आहेत, वाद्यं करणारे आहेत, नवसाला पावणारे आहेत. गरजू माणूस देवाची जात-पात बघत बसत नाही. सलोखा म्हणून जे काही इथं आहे त्यातलं निम्मं तरी या गरजेतून आलंय. उरलेलं निम्मं जपावं लागतं, त्याबद्दल पुढं सांगतो.

पेशंटच्या माणसाचा दिवस कसा जातो बघा. सकाळी डॉक्टरांचा राउंड, मग चाचण्या, औषधाच्या चिठ्ठ्या. बारा वाजले की वॉर्डातून बाहेर काढतात, ते चारपर्यंत आत सोडत नाहीत. या चार तासांत माणसाला करायला काहीच नसतं आणि काळजीनं बसवत नाही. मग तो खाली काउंटरवर येतो आणि विचारतो, "हितं जवळ देव कुठला?" देऊळ कुठलं असं नाही विचारत, देव कुठला असं विचारतो. माझ्या वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं, "अंबाबाई हाय, मीरासाहेब हाय. दोन्हीकडं जाऊन या, चारपर्यंत वेळ हाय की."

मागं अथणीकडचे एक म्हातारे शेतकरी आमच्याकडं अकरा दिवस होते. लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मराठी जेमतेम. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना दर्ग्यात घेऊन मीच गेलो, कारण त्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटायची. मुजावरांनी, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनी, गलेफ (कबरीवर चढवायची चादर) आणि फुलं घेतली आणि विचारलं, पेशंटचं नाव काय, गाव कुठलं. म्हातारे म्हणाले, मल्लव्वा. मुजावरांनी डोळे मिटून फातेहा म्हटली आणि शेवटी दुआ मागताना "मल्लव्वा, अथणी" असं स्पष्ट म्हटलं, पत्ता सांगावा तसं. मग मोरपिसांचा झाडू म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून फिरवला. तो कपाळाला लागून भस्माचा एक पट्टा पुसला गेला. म्हातारे परत आले ते उदाचा वास घेऊनच. त्यांच्या शेजारच्या खोलीत सांगोल्याची एक मुसलमान बाई होती, तिचा नवरा आयसीयूत. ती दारातूनच ओरडली, "अब्बा, तो ऊद भाईर ठेवा ओ, मला दम्याचा तरास हाय!" म्हाताऱ्यांनी उदाची पुडी जिन्यात ठेवली आणि चिरमुरे-खोबऱ्याचा प्रसाद तेवढा तिला दिला.

आमच्याकडचा सलोखा हा असा आहे. त्यात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही.

आता दर्ग्याबद्दल, म्हणजे बाबांना सांगता येईल. ख्वाजा शमना मीरा हे सुफी संत, लोकांच्या तोंडी मीरासाहेब. उरूस इस्लामी महिन्याप्रमाणे दरवर्षी सरकत येतो, त्यामुळं इंग्रजी तारीख आधी विचारूनच निघावं. उरुसाच्या सुरुवातीचा मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. बाकी मोठमोठ्यांचे गलेफ नंतर येतात. मला या सगळ्यात ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते, हिंदू-मुसलमान यापेक्षाही. ज्या समाजाला कितीतरी देवळांत पायरीच्या वर येऊ दिलं जात नव्हतं, त्याच्या हातचा गलेफ इथं पहिल्यांदा चढतो. पाहुणे सलोखा बघायला येतात आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं, कारण तो गलेफ भल्या पहाटे असतो.

दर्ग्याच्या आवारातच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा घराण्याचे मोठे गवई. जन्म 1872 चा, उत्तरेत कैराना गावचा, पण राहिले इथं. सांगतात ते असं की मिरजेत ते फार आजारी पडले, दर्ग्यात येऊन गायले, बरे झाले आणि इथलेच झाले. 1937 साली दक्षिणेत पाँडिचेरीकडं जाताना वाटेत एका छोट्या स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. तिथून त्यांना मिरजेत आणून इथं दफन केलं. त्यांच्या नावानं दर्ग्यात संगीत सभा भरते आणि मोठमोठे गवई तिथं 'हजेरी लावायला' येतात. हा शब्द लक्षात घ्या, कार्यक्रम करायला नाही, हजेरी लावायला. लहानपणी मला वडील तिथं चहाची किटली घेऊन पाठवायचे. रात्री दोन वाजता कुणीतरी अभोगी की काय आळवतंय, समोर सतरंजीवर शाल पांघरलेले वकील, हमाल, बुरख्यातल्या बायका, कुंकू लावलेल्या बायका, आणि माझी किटली गार होत चाललेली. राग कुठला ते मला आजही सांगता येणार नाही. चहा कोण घेतं आणि कोण हातानंच नको म्हणतं, तेवढं मात्र पाठ होतं.

नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असाच संगीत महोत्सव होतो. दोन्हीकडचे ऐकणारे बरेचसे तेच असतात.

आईंना भजनाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. मग दर्ग्यापासून सतारमेकर गल्लीत जाच. इथले सतारमेकर हे शिकलगार, म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम सरलं तसं यातल्या काहींनी तंबोरा-सतारीचं काम हातात घेतलं, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूनं, भीमेच्या काठचे. म्हणजे विठोबाच्या मुलखातला भोपळा मुसलमान कारागिराच्या हातून तंबोरा होऊन पुन्हा कुठल्यातरी मठात नाहीतर भजनी मंडळात जातो. यात कुणाला काही विशेष वाटत नाही, कारण भोपळा चांगला तिथलाच आणि हात चांगला इथलाच.

जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, बघायला मिळालं तर जरूर बघा. घोडीवरून तार जाते तिथं कानशीनं इतकं हलकं घासतात की डोळ्यांना काहीच झालेलं दिसत नाही. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, तार छेडतात, धागा केसभर मागं घेतात, पुन्हा छेडतात. एका क्षणी तो 'टण्ण' आवाज एकदम गोल होतो आणि खोलीभर पसरतो. मी एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं होतं, नेमकं कधी कळतं? तो म्हणाला, "कळत न्हाई. आवाज आला की थांबायचं."

आता नृसिंहवाडी. वाडी कोल्हापूर जिल्ह्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पण मिरजेहून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तुम्ही दर्शन घेणारच आहात, पण देऊळ बाहेरूनही बघा. आत मूर्ती नाही, पादुका आहेत, आणि वर आपल्याला सवयीचं उंच शिखर नाही. त्यामागची गोष्ट वाडीत कुणीही सांगेल. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथं येऊन परत आली, म्हणून बादशहानं देऊळ बांधून दिलं आणि औरवाड-गौरवाड ही गावं दिली. गोष्ट आहे, गोष्टीसारखीच घ्यावी. पण दत्ताचे पुजारीच ती अभिमानानं सांगतात, यातच बरंच काही आलं.

आमच्या भागात डोळ्यांचं काय आहे कोण जाणे! वाडीला लागूनच कुरुंदवाड. तिथं 1872 मध्येच, म्हणजे खाँसाहेबांच्याच साली, विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळे भाजले, उपचाराला मिरजेत आणलं. डॉक्टर भडभडे यांनी बघितलं, पण दृष्टी काही पूर्ण आली नाही. तेव्हा या मुलाला गाणं शिकवा असं डॉक्टरांनीच सुचवलं. मग मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिक्षण, आणि पुढं 1901 मध्ये लाहोरात गांधर्व महाविद्यालय. आमच्या रजिस्टरात त्यांचं नाव असतं तर कारणाच्या रकान्यात 'दवाखाना' असंच आलं असतं.

दवाखान्याचं म्हणाल तर मिरजेला दवाखान्यांचं गाव केलं ते प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी. मूळचे कॅनडातले. 1894 साली त्यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी ही त्यांच्याच नावाची. आमची आजी 'वानलेसचा दवाखाना' असं एका श्वासात म्हणायची आणि तिच्या लेखी वानलेस हे एखाद्या इनामदारासारखं इथलंच आडनाव होतं. आमच्या गल्लीत नाताळात केक वाटणारी दोन घरं आहेत, दोन्ही जुन्या नर्सांची.

आता जपावं लागतं ते.

सप्टेंबर 2009. गणेशोत्सवात मिरजेत रस्त्यावर मोठमोठ्या स्वागतकमानी उभ्या करतात. त्यातल्या एका कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून वाद पेटला, दंगल झाली, लोण सांगलीपर्यंत गेलं, संचारबंदी लागली. विसर्जनं अडली. हे लपवून मी तुम्हाला सलोख्याची गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. त्या वेळी आमच्याकडं नऊ खोल्यांत वीस-बावीस माणसं अडकली होती आणि त्यांचे पेशंट पलीकडं. भाजी नाही, दूध नाही. मागच्या बोळातला बेकरीवाला मुसलमान. तो पहाटे मागच्या दारानं चादरीत गुंडाळून लादीपाव द्यायचा. तीन दिवस आम्ही सगळ्यांनी पाव-आमटी खाल्ली. लोक ही गोष्ट ऐकून हळवे होतात, म्हणून पुढचंही सांगतो. सगळं निवळल्यावर त्यानं उधारीच्या वहीतून पैसे वसूल केले, एकही पाव न विसरता. आणि पुढची दोन वर्षं तरी आमच्या गल्लीतली माणसं एकमेकांशी जपून बोलत होती. लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण जेवायला कोण थांबायचं नाही. हे हळूहळू सैल झालं. कुणी सभा घेऊन सैल केलं नाही, रोजचा व्यवहार थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

जिल्ह्यात आणखी दोन ठिकाणं लोक हमखास सांगतील. वाळवा तालुक्यातलं गोटखिंडी, तिथं गणेशोत्सवात गणपती मशिदीत बसतो. असं सांगतात की एका वर्षी मंडपात पाऊस यायला लागला तेव्हा मुसलमानांनीच मूर्ती आत आणायला सांगितली, आणि 1980 च्या सुमारापासून ते कायमचंच झालं. बकरी ईद त्याच दिवसांत आली तर कुर्बानी टाळतात. दुसरं कडेगाव. मोहरमचे गगनचुंबी ताबूत, त्यांच्या भेटी बघायला हजारो माणसं जमतात, आणि काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडं आहे. दोन्ही ठिकाणी सणाच्या दिवशीच जाण्यात अर्थ आहे. एरवी गोटखिंडीत तुम्हाला एक साधी मशीद दिसेल आणि चहाची टपरी.

एक तक्रार मात्र नोंदवतो. अलीकडं काही पाहुणे सलोखा 'टिपायला' येतात. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडं चौघांचा एक गट उतरला होता. दर्ग्यात त्यांनी एका गंध लावलेल्या माणसाला थांबवलं, एका टोपीवाल्याला थांबवलं आणि दोघांना हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडं बघायला सांगितलं. गंधवाला आपला नारळ घेऊन घाईत होता. टोपीवाला तर पेशंट सोडून आलेला, त्याला रक्ताची बाटली न्यायची होती. दोघांनीही फोटो दिला, नाही म्हणायला संकोच वाटला म्हणून. मला फार राग आला, पण गिऱ्हाइक होतं, गप्प बसलो. तुम्ही असलं काही करणार नाही हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतंय, तरी लिहून ठेवतो.

आता कामाचं. दर्ग्यात जाताना डोक्यावर रुमाल हवा, बाबांना तिथंच टोपीही मिळेल. चपला दुकानदाराकडं ठेवा, त्याच्याकडूनच फुलं नाहीतर छोटा गलेफ घ्या, म्हणजे चपलांचे वेगळे पैसे मागत नाही. आईंनी मजारीपाशी कुठवर जायचं ते दारातल्या मुजावरांना विचारावं, ते नीट सांगतात. गुरुवारी गर्दी असते. गर्दी बघायची असेल तर गुरुवार, शांतपणे टेकायचं असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी दुपारी तीनच्या पुढं. नवस बोलायचा असेल तर बोला, पण फेडायला पुन्हा यावं लागेल, हे बाबांना आधीच सांगा. नाशिक लांब आहे.

पहिल्या दिवशी सकाळी वाडी करा, दर्शन करून बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या, दुपारी मिरज, संध्याकाळी सांगलीला कृष्णेकाठी पटवर्धनांचं गणपती मंदिर. पावसाळ्यात येत असाल तर निघायच्या आधी नदीचं पाणी किती आहे ते विचारून घ्या. पाणी चढलं की वाडीचं देऊळ पाण्याखाली जातं आणि पादुकांचं दर्शन होत नाही.

आणि आईंनी सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायचाच म्हटलं तर लाकडी पेटी मागून घ्या, गोणपाटावर भागवू नका. मागं एका पाहुण्यांनी दोनशे रुपये वाचवले आणि भोपळा पंढरपूर यायच्या आत तडकला. जिथून आला होता तिथंच परत पोचला बिचारा.